फोन करू नका, मेसेज करा

तुमचा मोबाइल आत्ता सायलेंटवर आहे का? बहुतेक असेलच. लेक्चर चालू असेल, नाहीतर नुसतीच सवय. आईचे दोन मिस्ड कॉल दिसत असतील आणि ‘नंतर करू’ म्हणून तुम्ही स्क्रीन उलटी ठेवली असेल. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही अशीच होते.

आता माझा फोन कधीच सायलेंटवर नसतो. रात्री उशाशी असतो, अंघोळीला गेले की आईच्या हातात असतो. पॉवर बँक एक नाही, दोन आहेत. दाराशी एक बॅग भरून ठेवलेली आहे. आणि माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना एक नियम पाठ आहे: हिला फोन करायचा नाही, मेसेज करायचा. कारण रिंग वाजली की मी आणि आई, दोघीही श्वास रोखतो. तो फोन हॉस्पिटलचा असू शकतो. ‘हृदय मिळण्याची शक्यता आहे, लगेच निघा’ असं सांगणारा.

मी एकवीस वर्षांची आहे, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची. बी.एस्सी. सेकंड इयरला असताना लॅबचा जिना चढताना दम लागायला लागला. आधी वाटलं, अशक्तपणा असेल. मग पाय सुजले, रात्री आडवं झालं की खोकला यायचा. इको काढला आणि एक लांबलचक नाव कळलं, डायलेटेड कार्डिओमायोपॅथी. म्हणजे हृदयाचा स्नायू सैल पडतो, हृदय फुगतं आणि रक्त ढकलायची त्याची ताकद कमी होत जाते. तुमचं हृदय प्रत्येक ठोक्याला त्याच्या डाव्या कप्प्यातलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर ढकलतं. माझं अठरा टक्के ढकलतं. औषधं सुरू झाली, पण वर्षभरात डॉक्टरांनी सांगून टाकलं की, हृदय बदलावं लागेल.

किडनी असती तर आईने दिली असती. यकृत असतं तर त्याचा भाग दिला असता. जिवंत माणसाला या गोष्टी देता येतात. हृदय देता येत नाही. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “माह्यं घ्या ना मग.” डॉक्टर काही बोलले नाहीत. बाबांनी तिचा हात धरला आणि आम्ही बाहेर आलो.

अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट

तुम्ही म्हणाल, वाटच बघायची तर घरी बसून का नाही बघायची? मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर घड्याळात आहे. दात्याच्या शरीरातून काढलेलं हृदय साधारण चार तासांच्या आत दुसऱ्या शरीरात धडधडायला लागावं लागतं. किडनीला चोवीस तासांच्या आसपास वेळ मिळतो, यकृतालाही त्यापेक्षा कमी पण बरा वेळ मिळतो. हृदयाला नाही. मूर्तिजापूर ते मुंबई म्हणजे सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर, रात्रभराची गाडी. फोन आल्यावर अमरावती एक्स्प्रेसची वाट बघत फलाटावर उभं राहून चालणार नव्हतं. माझे सगळे उपचार मुंबईत चालू होते, नाव तिथेच नोंदवलं होतं. म्हणून मागच्या वर्षी जूनमध्ये आई आणि मी इथे आलो.

पहिले काही दिवस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत काढले. आमच्या वऱ्हाडातल्या गाडगेबाबांचं नाव मुंबईच्या मध्यावर पाटीवर वाचलं तेव्हा आईला एवढं भरून आलं की, ती पायरीवरच बसली. तिथे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसं होती. कुणाच्या हातात फाइल, कुणाच्या हातात स्टोव्ह. मग खोली शोधायला सुरुवात केली. अटी तीनच. तळमजला हवा, टॉयलेट घरात हवं आणि हॉस्पिटल अर्ध्या तासावर हवं. मुंबईत या तीन गोष्टी एकत्र मागितल्या की एजंट तुमच्याकडे कसा बघतो, ते एकदा अनुभवाच! एका घरमालकाने सगळं ठरल्यावर ‘ट्रान्सप्लांट’ हा शब्द ऐकला आणि म्हणाला, “आमच्याकडे काही झालं तर?” टोकन परत दिलं, एवढंच.

शेवटी परळमध्ये एका जुन्या चाळीत खोली मिळाली. एजंटने कागद पुढे केला, अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स. आईने विचारलं, “अकरा महिन्यांत होईल ना?” एजंटला वाटलं, ती रंगकामाबद्दल विचारतेय. “होईल की काकू,” तो म्हणाला.

ते अॅग्रीमेंट आता एकदा रिन्यू करून झालं आहे.

ही यादी रेल्वेची नाही

सुरुवातीला मला वाटायचं, प्रतीक्षा यादी म्हणजे रेल्वेचं वेटिंग. डब्ल्यूएल ४२, मग ३०, मग १२, मग कन्फर्म. रोज विचारायचे, “माझा नंबर कितवा?” हॉस्पिटलमध्ये ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर असतात. आमच्या कोऑर्डिनेटर ताईंनी एक दिवस कागद-पेन घेऊन समजावलं.

महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत. एखाद्या हॉस्पिटलमध्ये मेंदूमृत रुग्णाच्या घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला की ते या केंद्राला कळवलं जातं आणि कोणता अवयव कोणाला जाणार, हे तिथून ठरतं. त्यात नुसता नंबर बघत नाहीत. रक्तगट जुळावा लागतो. हृदयाचा आकार छातीत मावेल असा लागतो. कोणाची अवस्था जास्त नाजूक आहे, तेही बघतात. माझा रक्तगट ओ. ओ गटाच्या माणसाचं हृदय इतर गटांनाही चालू शकतं, पण मला मात्र ओच लागतं. म्हणजे रक्तदानाच्या शिबिरात ‘वा, युनिव्हर्सल डोनर!’ म्हणून ज्या गटाचं कौतुक व्हायचं, तोच आता आडवा आला.

आणि मग तो प्रश्न, जो मी महिनाभर कोणालाच विचारला नव्हता. एके दिवशी ताईंना विचारला. “म्हणजे मी कोणीतरी मरण्याची वाट बघतेय ना?”

कारण तसंच वाटायचं. बातम्यांत अपघात दिसला की माझी नजर फोनकडे जायची आणि दुसऱ्या क्षणाला स्वतःची लाज वाटायची. दहीहंडीच्या दिवशी गल्लीत थर लागत होते. सगळे वर बघत होते आणि मी खिडकी लावून घेतली होती. माझ्या मनात जे येत होतं, ते मला ऐकायचं नव्हतं.

ताईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “मरण तुझ्यामुळे येत नाही गं. ते तू असलीस तरी येतं, नसलीस तरी येतं. तू वाट बघतेयस ती त्याच्या नंतरच्या एका ‘हो’ची.”

त्या दिवशी मी नुसती मान हलवली. पटायला अजून वेळ होता.

ऑक्सिजन, ऑक्सिजन, ऑक्सिजन

माझ्या जवळच्या मैत्रिणीने कुरिअरने एक डायरी पाठवली होती. वर सोनेरी अक्षरांत ‘ग्रॅटिट्यूड जर्नल’. रोज तीन गोष्टी लिहायच्या, ज्यांच्याबद्दल आपण कृतज्ञ आहोत. तुमच्यापैकीही कोणीतरी असली डायरी घेतली असेल. रील्सवर फार गाजते.

मला तिचा इतका राग आला! माझं वर्ष बुडालं होतं. आईची अंगणवाडीची नोकरी सुटली होती. बाबा एसटीत कंडक्टर, ते गावाकडे धाकट्या भावाला आणि आजीला सांभाळून जमेल तेवढ्या डबल ड्यूट्या करत होते. पैशांसाठी मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, धर्मादाय संस्थांचे अर्ज, सगळीकडे माझा फोटो जोडलेला. आणि मी कृतज्ञ व्हायचं? पहिल्या दिवशी मी लिहिलं, ‘१) ऑक्सिजन २) ऑक्सिजन ३) ऑक्सिजन’. मग डायरी कपाटावर फेकली.

दिवस कसा जायचा, सांगते. सकाळी उठल्यावर वजन करायचं. एका दिवसात किलोभर वाढलं, तर ते खाल्ल्यामुळे नसतं, अंगात पाणी साठलेलं असतं. दिवसाला सगळं मिळून दीड लिटर पाणी. आई सकाळी बाटली भरून ठेवते. मी अर्धा कप चहा प्यायले की तेवढं पाणी त्यातून काढून कुंडीत ओतते. मुंबईच्या उकाड्यात आपल्यासमोर कुंडीला पाणी मिळताना बघणं, हा एक वेगळाच छळ असतो. आणि जेवणात मीठ जवळजवळ नाहीच. वऱ्हाडातल्या माणसाला मिठाशिवाय ठेचा वाढून बघा!

शेजारच्या काकू संगमेश्वरच्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी मासळीचं कालवण आणून दिलं. आईने संकोचत सांगितलं, हिला मीठ चालत नाही. काकू म्हणाल्या, “सैंधव चालेल ना?” नाही, सैंधवही शेवटी मीठच. काकू काही न बोलता गेल्या. मला वाटलं, रागावल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी घेऊन हजर. बिनमिठाची पालेभाजी, वर लसणाची फोडणी, लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड. “चाखून बघ गो, मी पण तीच खाल्ली आज.” तेव्हापासून आठवड्यातून दोन दिवस त्यांच्या घरी एक भाजी बिनमिठाची होते आणि त्यांचे मिस्टर ती मुकाट्याने खातात.

तेव्हा मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर, ‘यांना माझी कीव येते’ असंच वाटलं होतं.

सातवी रात्र

मग गणपती आले. गणपतीत परळ-लालबाग म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या गर्दीत रात्रभर रांगेत उभे राहिले असाल. रस्ते बंद, गल्ल्या बंद, पहाटे तीनला दुपारसारखी वर्दळ. आईने पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला. “आता फोन आला तं कसं निघावं बाप्पा?”

चाळीच्या मंडळातली मुलं संध्याकाळी दारात आली. सगळी कॉलेजातलीच, कोणी बी.कॉम., कोणी आयटीआय. त्यांच्यातल्या एकाने मोबाइलवर यादी दाखवली. अकरा रात्री, रोज दोघांची ड्यूटी. एक जण आमच्या दारापाशी, एक जण टॅक्सीपाशी. टॅक्सी वरच्या मजल्यावरच्या काकांची, ती गल्लीच्या तोंडाशी अशी लावलेली की कोणी अडवणार नाही. कोणत्या वेळी कोणता रस्ता मोकळा असतो, हेही त्यांनी चौकातल्या हवालदारांशी बोलून ठरवलं होतं. मी म्हटलं, “अरे, फोन येईलच असं नाही.” तो म्हणाला, “ते आम्हाला माहितीये. गणपतीत आम्ही जागेच असतो.”

सातव्या रात्री सव्वाबाराला फोन आला.

पुढच्या पाच मिनिटांत ढोल थांबला. मुलांनी गर्दीला आवरायचे दोर आणले, हातात हात धरून दोन रांगा केल्या आणि त्यातून टॅक्सी निघाली. “बाजू द्या, पेशंट आहे, बाजू द्या!” रांगेत उभी असलेली अनोळखी माणसं मागे सरकत होती. एक आजी काचेतून हात जोडताना दिसली. मला वाटलं, आता सगळं बदलणार.

हॉस्पिटलमध्ये रक्त घेतलं, तपासण्या झाल्या, जंतुनाशकाने अंघोळ झाली. बाबा अकोल्याहून मिळेल त्या गाडीत बसले होते. पहाटे चारच्या सुमारास डॉक्टर आले आणि खुर्ची ओढून बसले. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की बातमी वाईट असते, हे मला आता कळतं. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये गेलेल्या टीमने हृदय प्रत्यक्ष पाहिलं होतं. ते माझ्यासाठी योग्य नव्हतं. असं होतं, आणि होऊ शकतं हे आधीच सांगितलेलं असतं. याला ‘ड्राय रन’ म्हणतात.

मी रडले नाही. फक्त विचारलं, “मग त्या माणसाचं… ते सगळं वाया गेलं?”

“नाही, नाही,” डॉक्टर म्हणाले. “बाकीचे अवयव जातायत दुसऱ्यांना.” त्यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही. दाता कोण, अवयव कोणाला, हे एकमेकांना सांगत नाहीत.

सकाळी परत आलो. दारात तीच दोन मुलं उभी होती, डोळे लाल. त्यांनी चेहऱ्यावरून ओळखलं. कोणी काही विचारलं नाही. एकाने टॅक्सीतून बॅग उतरवून पुन्हा दाराशी, होती त्याच जागी ठेवली. काकूंनी चहा आणला, अर्धा कप, मापाचा.

आणि तेव्हा ताईंचं बोलणं डोक्यात शिरलं. त्या रात्री, मी टॅक्सीत असताना, कुठल्यातरी आयसीयूबाहेर एक घर उभं होतं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं असणार की, तुमचा माणूस आता नाही. छाती वरखाली होताना दिसतेय, पण ती व्हेंटिलेटरमुळे. मेंदूचं काम कायमचं थांबलंय. त्या अवस्थेत, जेव्हा आपल्याला पाणी प्यावं हेही सुचत नाही, तेव्हा ती माणसं ‘हो’ म्हणाली. ते हृदय मला मिळालं नाही, तरी तो ‘हो’ झाला होता. कोणाची तरी डायलिसिस सुटली असेल. कोणीतरी माझ्यासारखीच बॅग उचलून निघाली असेल आणि परत आली नसेल.

मी स्टूलवर चढून, हो, दम लागत असतानाही, कपाटावरची डायरी काढली. आई ओरडली, “काऊन वं, पडशील ना!” लिहिलं: ‘१) त्या घरातला होकार. २) दोर धरून उभे असलेले हात. ३) काकूंच्या मिस्टरांनी खाल्लेली बिनमिठाची भाजी.’

एक मात्र सांगते. त्यानंतर मी काही संत झाले नाही. अजून चिडते. मैत्रिणींचे ट्रिपचे फोटो बघून अजून पोटात दुखतं. डायरीतली कित्येक पानं कोरी आहेत. कृतज्ञता म्हणजे तक्रार संपणं नव्हे, हे मला कळलंय. दोन्ही एकाच खोलीत राहतात, आमच्या खोलीसारख्याच दाटीवाटीने.

तुमच्या घरातलं जेवण

मी राहते त्या परळचा या विषयाशी जुना संबंध आहे. जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केलं आणि जेमतेम अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, इथल्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तो प्रयत्न केला. रुग्ण वाचला नाही. तेव्हा आपल्याकडे मेंदूमृत्यूचा कायदाच नव्हता. तो १९९४ मध्ये आला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. म्हणून ३ ऑगस्ट हा आता भारतीय अवयवदान दिन.

शस्त्रक्रिया जमते, डॉक्टर आहेत, कायदा आहे. अडतं ते होकारापाशी. २०२३ मध्ये देशात अठरा हजारांहून जास्त प्रत्यारोपणं झाली, पण मेंदूमृत दाते होते अकराशेच्या आसपास. बाकी बहुतेक जिवंत नातेवाइकांनी दिलेलं.

अठरा वर्षं पूर्ण असतील, तर तुम्ही ‘नोटो’च्या म्हणजे राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या संकेतस्थळावर आधारच्या मदतीने प्रतिज्ञा नोंदवू शकता. दोन-चार मिनिटांचं काम. पण तेवढ्याने भागत नाही. वेळ येते तेव्हा विचारतात ते घरच्यांना. तुमच्या आईबाबांना तुमची इच्छा माहीतच नसेल, तर त्या रात्री त्यांनी काय ठरवायचं? म्हणून फॉर्म भरा आणि जेवताना घरी बोला. विषय काढलात की पहिला घास अडकेल, आई म्हणेल, “काहीतरी अभद्र बोलू नकोस.” तरी बोला. त्यांना सांगा की, मेंदूमृत्यू म्हणजे कोमा नव्हे. चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतं आणि त्यात प्रत्यारोपण करणारे डॉक्टर नसतात. शरीर नीट शिवून सन्मानाने परत देतात. आणि त्यांचीही इच्छा विचारा.

अजून एक. बाइकवर बसताना हेल्मेट घाला. मला हृदय हवंय, पण तुमचं नको.

आणि तुमच्या वर्गात, होस्टेलवर कोणी माझ्यासारखी वाट बघत असेल, तर ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणू नका. नोट्सचे फोटो पाठवा. कँटीनमधली भांडणं सांगा. मला माझ्या मैत्रिणी अजून ‘सरांनी आज कोणाला बाहेर काढलं’ ते रोज लिहून पाठवतात. त्यामुळे मी अजून त्या वर्गात आहे.

बाबा रोज रात्री साडेआठला डेपोतून आधी मेसेज टाकतात, “करू का?” मी “करा” म्हटलं की मग रिंग वाजते. दिवसातली ती एकच रिंग अशी असते, जिला आम्ही घाबरत नाही.

बाकी माझ्या फोनचं म्हणाल, तर तो चार्ज आहे.